पस्तीस अंशांचं खोटं

आकडा आला तेव्हा खोलीत दोघीच होत्या. मुरपल्लीच्या ग्रामीण रुग्णालयातली इको तंत्रज्ञ ज्योत्स्ना मडावी, आणि तपासणीच्या पलंगावर डाव्या कुशीवर झोपलेली तिची धाकटी बहीण प्रणाली.

ज्योत्स्नाने प्रोब उचलला, जेलचा आणखी एक थेंब घातला आणि फासळ्यांच्या मधल्या बोटभर जागेत पुन्हा टेकवला. "श्वास सोड. थांब तशीच." पडद्यावर हृदयाच्या उजव्या बाजूची झडप मिटली, आणि मिटता मिटता तिच्या फटीतून रक्ताचा एक बारीक फवारा उलटा उडाला. मशीनने त्या फवाऱ्यावर आपली रेघ ओढली. आकडा तोच. सेकंदाला दोन दशांश नऊ मीटर.

"किती?" प्रणालीने भिंतीकडे तोंड ठेवूनच विचारलं.

ज्योत्स्नाने आकडा पुन्हा एकदा वाचला.

"ताई, किती?"

"दोन नऊ."

प्रणालीच्या खांद्याची हालचाल थांबली. दोन वर्षांपूर्वी याच पलंगावर तिचा आकडा दोन तीन आला होता, आणि दोघी बहिणींनी त्या दिवशी बाजारातून बालुशाही नेली होती. अडीचच्या आत असला की हिरवं कार्ड. अडीचच्या वर पिवळं. तीन गाठले की लाल.

हे रंग मुरपल्लीत येऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधीही सिकलसेलची माणसं इथे होतीच, गावागणिक होती. त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि लवकर फुटतात. अडकल्या की हाडं फोडून काढणारी कळ येते. ती सगळ्यांना ठाऊक होती. फुटण्याचा परिणाम मात्र गुपचूप चालतो. फुटलेल्या पेशींतून जे द्रव्य रक्तात सांडतं, ते रक्तवाहिन्यांना सैल ठेवणारा वायू शोषून घेतं. फुप्फुसातल्या वाहिन्या वर्षानुवर्षं आवळत जातात, आणि त्या आवळलेल्या वाटेतून रक्त ढकलता ढकलता हृदयाची उजवी बाजू थकते. दुखत काहीच नाही. चढावर थोडा दम लागतो, एवढंच. मग एखाद्या दिवशी माणूस बसतो तो उठतच नाही.

ज्योत्स्नाची आई अशीच गेली होती. चौतीस वर्षांची होती. बोअरवरून पाणी घेऊन येताना कळशी खाली ठेवली, भिंतीला टेकली आणि संपली. तिला सिकल आहे हे घरात माहीत होतं. तिच्या हृदयाकडे कोणी पाहिलं नव्हतं. तेव्हा ज्योत्स्ना सतरा वर्षांची होती आणि प्रणाली चार. वडील कामापायी रानात. प्रणालीची वेणी, शाळेचा डबा, सिकलच्या गोळ्या, कळ आली की रात्रंदिवस शेकणं, सगळं ज्योत्स्नानेच केलं.

'हृदयवेध' नावाची ही मशीन आली तेव्हा म्हणूनच ज्योत्स्नाने प्रशिक्षणासाठी सगळ्यात आधी नाव दिलं होतं. इकोची मशीन जुनीच, ध्वनिलहरी आत सोडून त्यांच्या प्रतिध्वनीतून हृदय दाखवणारी. नवी होती ती तिच्यामागची अक्कल. हजारो सिकल रुग्णांची हृदयं दहा-दहा वर्षं पाहून ती शिकली होती. झडपेतून उलटा उडणारा फवारा किती वेगाचा, उजवा कप्पा किती फुगला, स्नायू किती ताणला जातो, हे सगळं जुळवून ती येत्या दोन वर्षांत धोका किती ते सांगायची, आणि सहसा तिचं चुकत नसे. तालुक्यात अचानक जाणारी माणसं निम्म्याने कमी झाली.

पण रंग रुग्णालयात थांबला नाही. शाळेच्या खेळांना कार्ड मागू लागले. सोयरीक जुळवताना मागू लागले. नव्या औषधांमुळे सिकलची मुलंमुली धडधाकट राहू लागली, तशा त्यांना पोलीस, वनरक्षक अशा नोकऱ्या खुल्या झाल्या. अट एकच होती, कार्ड हिरवं पाहिजे.

प्रणालीने वनरक्षकाची लेखी परीक्षा काढली होती. धावण्यात तिचा नंबर मुलींमध्ये दुसरा होता. उरलं होतं हे कार्ड, आणि पाच आठवड्यांनी सोळा किलोमीटरची चाल, म्हणजे वेळेत चालून दाखवायची परीक्षा.

"पिवळं आलं तर?" तिने विचारलं.

"नागपूरला पाठवतील. नळी घालून आतला दाब मोजतील. औषध सुरू होईल. सहा महिने, वर्ष."

"आणि भरती?"

भरतीचं काय होईल ते दोघींनाही माहीत होतं.

प्रणाली उठून बसली. छातीवरची चादर तिने मुठीत धरली होती. "ताई, मी तीन वर्षांत एकदा तरी आजारी पडली का? रोज सकाळी रोडनं पाच किलोमीटर पळते. मले दम लागत नाही. तूच पाहतेस ना?"

"पाहते."

"दोन नऊ म्हणजे शंभरात किती जणी मरतात?"

"असं नाही विचारायचं, पोरी."

"किती?"

"दोन वर्षांत... दहा-बारा."

"मग मी बाकीच्या अठ्ठ्याऐंशीतली." प्रणालीचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "लहानपणापासून मले कोणी कशात घेतलं नाही वं. पाण्यात जाऊ नको, सहलीला येऊ नको, खेळू नको. पहिल्यांदा कोणाच्या यादीत माझं नाव लागलं. तुझ्या हातात आहे, ताई. तू म्हणाली होतीस ना, प्रोब वाकडा धरला की आकडा खोटा येतो."

म्हणाली होती. हातात नवी विद्या आली की माणूस घरी येऊन सांगतोच, तसं कौतुकाने सांगितलं होतं. ओढ्याच्या धारेला तोंड करून उभं राहिलं तर पाण्याचा पूर्ण जोर कळतो. अंग तिरपं केलं की कमी लागतो. ध्वनिलहरींचंही तेच. फवाऱ्याच्या सरळ रेषेत धरल्या तर खरा वेग. कोन पडला की आकडा कमी. जास्त कधीच येत नाही, कमीच येतो. म्हणून मशीन स्वतः हात धरून सरळ रेषा दाखवायची, आणि कोन चुकला तर मोजायलाच नकार द्यायची. फक्त ज्यांच्या छातीची ठेवण वेगळी असते अशा रुग्णांसाठी एक बटण ठेवलं होतं: 'हाताने मापन'. ते दाबलं की मशीन तंत्रज्ञावर विश्वास ठेवायची.

बाहेर कोणीतरी दार वाजवलं. "मॅडम, अजून किती वेळ?"

"पाच मिनिटं," ज्योत्स्ना म्हणाली. मग बहिणीला म्हणाली, "झोप."

तिने बटण दाबलं. मनगट बाहेरच्या बाजूला कलतं केलं, तीस अंश, पस्तीस अंश. पडद्यावरचा फवारा फिकट झाला. दोन दशांश चार. तिने 'जतन करा' दाबलं आणि पडद्याची कड हिरवी झाली.

प्रणालीने तिला मिठी मारली. छातीवरचं जेल ज्योत्स्नाच्या पांढऱ्या कोटाला लागलं.

"एक कबूल कर," ज्योत्स्ना म्हणाली. "चाल झाली, ऑर्डर हातात पडली, की दुसऱ्याच दिवशी माझ्यासोबत नागपूरला यायचं. गुपचूप. आणि तोवर दम लागला, चक्कर आली, पाय सुजले, काहीही झालं, तर मले सांगायचं."

"सांगीन."

पण पुढच्या पाच आठवड्यांत प्रणालीने काहीच सांगितलं नाही. विचारलं की हसायची. एकदा ज्योत्स्नाला ती अंगणात पायरीवर बसलेली दिसली, पळून आल्यावर, डोकं गुडघ्यांत घालून. "काय झालं?" "काय व्हायचंय? बूट काढून राहिली." बूट तर तिने अजून सोडलेही नव्हते.

त्याच दिवसांत वच्छला गावडे तिच्या मुलीला, करिश्माला, घेऊन आली. करिश्मा एकवीस वर्षांची, लग्न ठरलेली. आकडा आला दोन आठ. पिवळा.

वच्छलाबाईने मुलीला बाहेर बसवलं आणि दार लोटून घेतलं. "मॅडम, पोराकडचे म्हणून रायले का कार्ड दाखवा. हे दाखवलं तर मोडते लग्न. तुम्ही पुन्हा एकदा बघा ना. जरा कमी येते का?"

"मशीन सांगते तेच लिहावं लागते, काकू."

"तुमच्या हातात काहीच नाही?"

"नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "आणि असतं तरी केलं नसतं. उद्या तिला काही झालं तर?"

हे बोलताना तिची जीभ कुठेही अडखळली नाही, याचंच तिला नंतर भय वाटलं. वच्छलाबाई उभी राहिली. "तुमच्या घरी असतं ना मॅडम, मग कळलं असतं," ती म्हणाली आणि कार्ड घेऊन गेली. आठवड्याने बातमी आली की लग्न मोडलं. करिश्माला नागपूरला पाठवलं होतं.

चालीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, डॉक्टर हेमलता मसराम यांनी ज्योत्स्नाला आपल्या खोलीत बोलावलं. रुग्णालय त्याच चालवत. बोलायला तुटक, पण ज्योत्स्नाला प्रशिक्षणाला पाठवायचा हट्ट त्यांनीच धरला होता.

"बस. मशीनचा महिन्याचा अहवाल आलाय. एक नोंद तिला जुळत नाहीये." त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. "वेग दोन चार. पण उजवा कप्पा बघ, फुगलाय. मधली भिंत डावीकडे दबलीय. हे चित्र दोन चारचं नाही. मापन हाताने केलंय." त्यांनी नावावर बोट ठेवलं. "प्रणाली आहे."

"तिची छाती चपटी आहे, मॅडम. मशीनला फासळ्यांमधून आत बघायला खिडकीच सापडत नव्हती."

"होतं तसं. आणि पळणाऱ्यांचा उजवा कप्पा थोडा मोठा असतोच. म्हणून विचारतेय. पुन्हा बोलावू या का?"

"आज दुपारीच ती चालीच्या कॅम्पला गेली. सोमवारी घेऊन येते."

"अहवाल आजच पाठवायचाय. तू बरोबर आहे म्हणालीस तर ही नोंद मशीनच्या शिकवणीत जाईल. म्हणजे यापुढे असं हृदय दिसलं की ते हिरवं, असं ती शिकेल. एका नोंदीने फार फरक पडत नाही, पण आपण शिकवतो तेच ती शिकते ना. तुझी खात्री आहे?"

पडद्यावर दोन चौकोन होते. 'तपासले, बरोबर आहे.' 'तपासले, चूक आहे.' डॉक्टर मसराम तिच्याकडे पाहत होत्या, संशयाने नाही, विश्वासाने. ते जास्त कठीण होतं. ज्योत्स्नाने पहिल्या चौकोनावर बोट ठेवलं.

"ठीक," डॉक्टर म्हणाल्या आणि पडदा बंद केला. "बरं, ती गावड्यांची करिश्मा. तिचा आतला दाब मोजला नागपूरला. मशीनच्या अंदाजापेक्षा बराच जास्त निघाला. तिथले डॉक्टर म्हणाले, लग्नाच्या धावपळीतच गेली असती पोरगी. आता औषध सुरू झालंय, सावरेल. चांगलं केलंस तू. तिची आई तुला शिव्या देत असेल, देऊ दे."

करिश्माचा आकडा दोन आठ होता. प्रणालीचा दोन नऊ.

ज्योत्स्ना बाहेर आली आणि व्हरांड्यातूनच फोन लावला. लागला नाही. कॅम्पच्या कार्यालयात लावला. तिथला माणूस म्हणाला, उमेदवारांचे फोन जमा करून घेतलेत, उद्या चाल झाल्यावर मिळतील, काही निरोप आहे का? निरोप काय देणार? 'तब्येत सांभाळून चाल'? ती म्हणाली, "नाही, काही नाही." फोन ठेवल्यावर तिला वाटलं, आत्ता मागे फिरावं, डॉक्टरांचं दार उघडावं, सांगून टाकावं. ती दारापर्यंत गेलीही. आत डॉक्टर कुणाशी तरी बोलून हसत होत्या. ती परत फिरली.

पहाटे पाचला तिने रुग्णालयाचा खिशात मावणारा, छोटा पडदा असलेला प्रोब, गावभेटींना न्यायचा तो, बॅगेत टाकला आणि स्कूटर बाहेर काढली. कॅम्प साठ किलोमीटरवर होता. सहाला चाल सुरू होणार होती.

सागवनातून जाणारा रस्ता. दोन ठिकाणी पुलाचं काम, खडी पसरलेली. स्कूटर घसरता घसरता राहिली. सात वाजून गेले तेव्हा उन्हाची पहिली तिरीप रस्त्यावर पडली होती आणि ज्योत्स्ना मनात हिशेब करत होती: प्रणाली तासाला सहा किलोमीटर चालते, आता सातव्याला असेल, आता आठव्याला. चढ कुठे आहे? चढ कुठे आहे हे तिला माहीतच नव्हतं.

चालीच्या रस्त्यावर अडथळे लावले होते. स्कूटर तिथेच टाकून ती आत शिरली. अकराव्या किलोमीटरच्या पाटीजवळ एक वनपाल खुर्ची टाकून बसला होता, हातात नोंदीचा तक्ता. छातीवर पट्टी होती, दिनकर कुळसंगे. शेजारी रुग्णवाहिका उभी. समोरून मुली येत होत्या, छातीवर क्रमांक लावलेल्या, हात जोरात हलवत.

प्रणाली सगळ्यांत पुढे होती.

ज्योत्स्नाने वाटेत मनातल्या मनात ती पडलेली पाहिली होती, पुलापाशी, झाडाखाली, साठ किलोमीटर ती हेच पाहत आली होती. आणि प्रणाली ताठ चालत होती. चेहरा घामाने चमकत होता. बहिणीला पाहून ती हसली देखील.

"ताई? तू काऊन आलीस?"

ज्योत्स्ना तिच्या बाजूने चालू लागली. "थांब. आत्ता थांब."

"वेडी झाली का? पहिली आहे मी!"

"करिश्माचा दोन आठ होता. आत खूप जास्त निघाला. पोरी, ऐक माझं."

"पाच किलोमीटर राहिले फक्त." प्रणालीने वेग कमी केला नाही. बोलताना मात्र दोन शब्दांमध्ये श्वास घ्यावा लागत होता. "झालं की... येते ना... नागपूरला. कबूल केलं... ना मी."

"ओठ बघ तुझे. निळे पडले."

"थंडी आहे."

थंडी नव्हती. ज्योत्स्नाने तिचा दंड धरला, प्रणालीने झटकला. मागच्या दोन मुली त्यांना ओलांडून पुढे गेल्या. प्रणालीने त्यांच्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. "सोड मले," ती म्हणाली आणि जवळजवळ धावत पुढे निघाली.

ज्योत्स्ना मागे वळली. कुळसंगे उठून उभा राहिला होता. "ओ बाई, उमेदवाराला हात लावू नका. बाद होईल ती."

"तिला थांबवा," ज्योत्स्ना म्हणाली. "तिचं हृदयाचं कार्ड खोटं आहे."

"म्हणजे? कोण म्हणते?"

"मी म्हणते. मुरपल्लीची इको तंत्रज्ञ आहे. मीच केलं ते कार्ड. मीच खोटं केलं."

त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे, आणि शिट्टी वाजवली.

रुग्णवाहिकेत बसायला प्रणाली तयार नव्हती. ज्योत्स्नाने आणि तिथल्या नर्सने धरून तिला आत बसवलं. तिच्या बोटाला चिमटा लावला: ऑक्सिजन त्र्याऐंशी. नर्सने लगेच मास्क चढवला. ज्योत्स्नाने प्रोब टेकवला, या वेळी फवाऱ्याच्या अगदी सरळ रेषेत. कोन चुकला नाही. तीन दशांश सहा. उजवा कप्पा फुगून डाव्या कप्प्यावर रेलला होता, मधली भिंत सपाट झाली होती.

तिने पडदा बहिणीकडे वळवला. प्रणालीने बघितलं. मास्कच्या आत तिचा श्वास वाफ धरत होता. मग तिने तोंड फिरवलं.

ज्योत्स्नाने डॉक्टर मसरामना फोन लावला. "मॅडम, काल मी जी टिक केली ती खोटी होती. कार्डही खोटं."

"ऑक्सिजन लावलास?"

"हो."

"झोपवू नकोस, बसती ठेव. सरळ नागपूर. मी तिथे कळवते." आणि फोन ठेवण्याआधी, "बाकीचं नंतर बोलू."

बाकीचं बोलणं बरेच महिने चाललं. ज्योत्स्नाच्या हातून प्रोब काढून घेतला. तिला नोंदणीच्या खिडकीवर बसवलं. नळी घालून मोजलेला प्रणालीचा दाब करिश्माइतकाच वाईट निघाला. औषधं सुरू झाली. प्रणाली घरी आली, पण ज्योत्स्नाशी बोलली नाही. जेवण वाढलं की जेवायची, गोळी दिली की घ्यायची. "त्या दिवशी चाल पुरी झाली असती, मले माहीत आहे," एवढंच एकदा ती भिंतीला म्हणाली. तसं झालंही असतं. जे घडू दिलं नाही ते घडलंच असतं, हे कोणतीही मशीन सिद्ध करून देत नाही.

मात्र एक गोष्ट घडली. डॉक्टर मसरामांनी जिल्ह्यातल्या 'हाताने मापन' केलेल्या सगळ्या नोंदी उघडायला लावल्या. अडतीस हिरवी कार्डं खोटी निघाली. सात तंत्रज्ञांनी ती केली होती. कुणी भाच्यासाठी, कुणी शेजारणीच्या लेकीसाठी, कुणी नुसत्याच रडणाऱ्या एखाद्या बापासाठी. एकाला दुसऱ्याचं माहीत नव्हतं. त्या अडतिसांतले तिघे तोवर गेले होते. पस्तीस जणांना परत बोलावलं.

चौकशी समितीसमोर डॉक्टर मसराम म्हणाल्या, "रंग रुग्णालयाबाहेर गेला, तेव्हापासून आकडे बिघडायला लागले. माणसाची तपासणी त्याच्या भल्यासाठी असेल तोवर तो खरं सांगतो. तिच्यावर त्याची भाकरी टांगली की कोणीतरी कोन बदलणारच."

समितीने एक सवलत दिली. ज्यांना आपलं कार्ड खोटं आहे हे ठाऊक नव्हतं, त्यांनी उपचार घेऊन पुन्हा तपासणी द्यावी. त्यांची जागा वर्षभर राखली जाईल. ठाऊक होतं त्यांना मात्र तीन वर्षं कुठल्याही भरतीला बसता येणार नाही.

ज्योत्स्नाने आपल्या जबाबात लिहिलं होतं: 'माझ्या बहिणीला याची कल्पना नव्हती.'

सुनावणीच्या दिवशी समितीच्या अध्यक्षांनी ते वाचून दाखवलं आणि प्रणालीला विचारलं, "बरोबर आहे ना? फक्त हो म्हणा आणि इथे सही करा."

प्रणाली उभी राहिली. औषधांनी तिचा चेहरा थोडा सुजला होता. तिने टेबलावरचं पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं.

"नाही, सर. मले माहीत होतं. मीच म्हटलं होतं तिले."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "नीट विचार करून बोला. याचा अर्थ काय होतो माहीत आहे?"

"हो."

डॉक्टर मसराम खिडकीबाहेर पाहू लागल्या. ज्योत्स्ना अर्धवट उठली, "सर, ती घाबरून..." आणि प्रणालीने वळून तिच्याकडे असं पाहिलं की ती खाली बसली.

नंतर बाहेरच्या व्हरांड्यात दोघी बाकावर बसल्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"काऊन बोललीस?" ज्योत्स्नाने विचारलं. "वर्षभरानं तुले घेतलं असतं वं."

"पहिल्यांदा खोटं बोललीस ते मी सांगितलं म्हणून." पाच महिन्यांत प्रणालीने तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य होतं. "यावेळी तू मले विचारलंही नाहीस. त्या दिवशी रस्त्यावरही विचारलं नाहीस."

समोरच्या अंगणात कुणीतरी चिंचा झोडत होतं.

"विचारलं असतं तर थांबली असतीस?"

खरं काय ते प्रणाली शोधत होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"नाही," शेवटी ती म्हणाली.

मग ती उठली. "चल, बस सुटेल."

स्टँडपर्यंत रस्ता चढाचा होता. प्रणाली हळू चालत होती. अर्ध्यावर तिला दम लागला. ज्योत्स्नाने पाहिलं, पण हात पुढे केला नाही, काही विचारलंही नाही. दोन पावलं आणखी गेल्यावर प्रणालीच थबकली, कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "थांब वं ताई जराशी. दम लागला."

ज्योत्स्ना थांबली. बस समोर दिसत होती, सुरू झाली होती. दोघींपैकी कुणीही घाई केली नाही.